पश्चात कोण कोण?

नाना, तुम्ही गेल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी रडले नाही. मी आधी संशय घेतला. हाराच्या चौकटीत बसवलेला तुमचा फोटो, खाली जोडलेले हात, आणि ‘शांताराम ओंकार पाटील यांचे दुःखद निधन’ एवढी एक ओळ. पाठवणाऱ्याकडे तो निरोप दुसऱ्याकडून आलेला, दुसऱ्याकडे तिसऱ्याकडून. असल्या निरोपांचं काय करायचं ते तुम्हीच तर शिकवलंत. मी पेपरच्या ऑफिसात पोचले, कॉम्प्युटर चालू केला, तुमचा तो साधा टेक्स्ट एडिटर उघडला आणि आपल्या सगळ्या फायलींमध्ये तुमचं नाव शोधलं.

पडद्यावर शांताराम पाटलांची रांग लागली. सोसायटीचे चेअरमन, कुस्तीगीर, केळीला विक्रमी भाव मिळालेले, दुचाकीवरून पडलेले, आणि गेलेले तर कितीतरी. मग तुमच्या पद्धतीने गाळत गेले. वडिलांचं नाव घातलं, रांग आखडली. गाव घातलं, अजून आखडली. शेवटी ‘निधन’ हा शब्द घातला आणि निकाल आला शून्य. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं. मग लक्षात आलं की तुमची बातमी आपल्या फायलीत येणार कुठून? ती मी लिहिल्यावरच येणार होती.

तेव्हा कुठे तुमच्या मुलाला, प्रशांतला फोन लावला. त्याने उचलला, आणि तो बोलायच्या आधीच मागून काकूंच्या रडण्याचा आवाज आला. त्यानंतर खात्री करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता तुमचं दिवसकार्य, गंधमुक्ती, तेही होऊन गेलं. पानावर तुमच्याबद्दल जे छापायचं ते छापून झालंय: नोकरी किती वर्षं केली, कुठे केली, अंत्यसंस्कार कुठे झाले. ते सगळं पुन्हा सांगायला हे लिहीत नाही. तुमच्या बातमीची शेवटची ओळ लिहिताना माझं घोडं अडलं होतं. ‘त्यांच्या पश्चात’ एवढं टाइप केलं आणि पुढे कोण कोण लिहायचं ते कळेना. त्या ओळीचं मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि त्यावरून भांडायचंही आहे. भांडण तसंही आपलं अर्धंच राहिलंय.

मी आपल्या दैनिकात टायपिस्ट म्हणून आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मला आठवतो. सकाळपासून ज्याने त्याने नाव विचारलं. ‘शैला तायडे.’ ‘तायडे? कुठले तायडे?’ ‘यावलचे.’ ‘यावलात कुठे?’ मी वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा निवांत व्हायचा. हवं ते सापडलेलं असायचं. तुमच्या टेबलाशी आले तेव्हा तेच होणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि विचारलंत, ‘मराठी टायपिंगला वेग किती आहे?’ बस, तेवढंच. त्या एका प्रश्नामुळे मी तुमच्या बाजूला खुर्ची ओढली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच बसले.

बाकीचे पान लावायच्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये रमायचे. तुम्ही मात्र छापून आलेल्या बातम्यांचा सगळा जुना साठा साध्या मजकुराच्या फायली करून ठेवला होता, वर्षावर्षाच्या आणि तालुक्यातालुक्याच्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ एकदम दाबायचं की शोधायची खिडकी उघडते. वरच्या चौकोनात शब्द, खालच्या चौकोनात कोणत्या तालुक्याच्या फायली बघायच्या ते. तुम्ही मला म्हणालात, ‘पाटील टाक.’ मी टाकलं. निकाल मोजता मोजता कॉम्प्युटर दमला. ‘आता?’ म्हणून तुम्ही हसलात. मग दाखवलंत, की आलेल्या निकालात पुन्हा कसं शोधायचं, नको त्या ओळी कशा झाकायच्या, आणि झाकलेलं एक बटण दाबून परत कसं आणायचं. ‘झाकायचं, खोडायचं नाही,’ असं तुम्ही दोनदा बजावलंत. डाळ मिलमध्ये एकाखाली एक चाळण्या असतात तसं हे काम, तूर वेगळी, चुरी वेगळी, खडे वेगळे. ऑफिसात आपण त्याला गाळणी म्हणायचो.

मला ही पद्धत एका दिवसात आली याचं तुम्ही चारचौघांत कौतुक केलंत. त्यात कौतुक कसलं, नाना? आपल्याकडे माणसाला असंच तर शोधतात. आडनाव घातलं की निम्मी माणसं गळतात, गाव घातलं की आणखी, आणि गल्ली घातली की जात हातात येते. मला रोज कोणी ना कोणी असं गाळतच होतं. फक्त कीबोर्ड माझ्या हातात पहिल्यांदाच आला होता.

मी जात्याच संशयी. तुम्ही मला शंकासूर म्हणायचात. पण तुम्हीही काही कमी नव्हता, आणि तो गुण तुमच्यात कसा आला ते मी डोळ्यांनी बघितलंय. भडगाव तालुक्यातले रामदास पुंडलिक पाटील गेले. घरच्यांनी फोटो पाठवला नव्हता. तुम्ही म्हणालात, जुन्यात असेल एखादा, आणि शोधलंत. एकच निकाल आला. एकच आला म्हणजे हाच माणूस, असं म्हणून तुम्ही त्या बातमीतला फोटो उचलून लावलात. खालच्या चौकोनात सकाळच्या कुठल्या तरी शोधातला पाचोरा तालुका तसाच राहून गेला होता. एडिटरने बिचाऱ्याने पाचोऱ्यातलाच रामदास पुंडलिक पाटील काढून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस एस.टी.ने ऑफिसात हजर. हातात आपला पेपर. ‘मी जित्ता शे, भाऊ,’ म्हणाला, ‘गावमा बठ्ठा लोक मना घर जमी गयात.’ तुम्ही त्यांना पाणी दिलंत, चहा दिलात, आणि संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन ‘चूक मनी शे’ म्हणत ती अंगावर घेऊन मोकळे झालात. माझं नाव सहज पुढे करता आलं असतं. टाइप मीच केलं होतं. ते तुम्ही केलं नाहीत, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून एकच निकाल आला की तुम्ही खूश व्हायच्या ऐवजी बिचकायचात. ‘आधी गाळणी तपास, मग माणूस,’ हे तुमचं पालुपद झालं. शून्य निकाल आला तर अजूनच. तुम्ही म्हणायचात, नाही सापडलं याचा अर्थ नाही असा होत नाही. कुणीतरी आधी लावलेली गाळणी काढायची राहिलीय, असाही होतो. मी ते लिहून मॉनिटरला चिकटवलं तर तुम्ही लाजून काढून टाकलंत.

आणि तुमचा तो प्रश्न. लोक फोन करून बातमी सांगायचे, पश्चात दोन मुलगे, सुना, नातू. तुम्ही लिहून घ्यायचात आणि विचारायचात, ‘आन पोरी?’ पलीकडून उत्तर यायचं, ‘पोरी त्यासना घर गयात.’ तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘गयात, पन शेतस ना?’ मग तो माणूस जरा ओशाळून सांगायचा, हो, तीन आहेत. तुम्ही ‘तीन मुली, जावई’ लिहायचात. मी टाइप करता करता तुमच्याकडे बघायची. खरं सांगते, त्या काळात मला तुमच्याइतका आदर दुसऱ्या कोणाबद्दल नव्हता.

फक्त एका गोष्टीवरून आपलं वाजायचं. विचारूनही घरचे नाहीच म्हणाले तर? तुमचा नियम होता, की आपण एकदा विचारायचं, पण लिहायचं घरचे सांगतील तेच. त्या यावलच्या बाई आल्या होत्या, आठवतं? बापाच्या बातमीचं कात्रण टेबलावर ठेवलं आणि विचारलं, ‘माझं नाव का नाही?’ भावांशी शेतावरून बिनसलेलं. आपल्याला माहीत होतं की ही मुलगी आहे. जुन्या बातमीत तिचं नाव मीच तुम्हाला काढून दाखवलं होतं. तरी तुम्ही भावांनी सांगितलं तेच छापलंत. तुम्ही त्या बाईंसमोर नुसते कात्रणाकडे बघत बसलात. त्या गेल्यावर मी तुमच्यावर चढलेच. आपल्याला माहीत असताना लिहायचं नाही तर विचारता कशाला, म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘शैला, कोणाच्या घरात आपण किती शिरायचं?’ मी म्हटलं, दारात उभं राहून प्रश्न विचारतो म्हणजे शिरलोच की. तुम्ही चहा मागवलात. वाद तिथे थांबला तो थांबलाच.

मग एकदा ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. ‘नाना आहेत का? धुळ्याहून मनीषा बोलतेय.’ मी रिसीव्हरवर हात ठेवून तुम्हाला सांगितलं. तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, ‘सांग, नाहीत.’ तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मी सांगितलं, नाहीत. पलीकडच्या बाईने ‘बरं’ म्हटलं. ते ‘बरं’ ज्या आवाजात आलं, त्यावरून तिला कळलं होतं हे मला कळलं.

पुढच्या वेळी तिने फोन केला तेव्हा तुम्ही खरंच नव्हता. मी विचारलं, कोण म्हणून सांगू? ‘मनीषा अहिरे. त्यांची मुलगी.’ तुम्हाला मुलगी आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजलं. आणि मग माझ्या तोंडून तेच निघालं जे मला आयुष्यभर लोकांनी विचारलं. ‘अहिरे? धुळ्यात कुठले?’ तिने भाग सांगितला. माझी मावशी त्याच भागात राहते. तिच्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, माझ्या घराच्या भिंतीवर आहेत तसे. गाळायला आणखी काही उरलं नव्हतं. तुमची मुलगी आमच्यात दिलेली नव्हती. ती स्वतःच्या मनाने लग्न करून आली होती, आणि म्हणून तुम्ही फोनवर नव्हता.

नाना, त्यानंतरचे कितीतरी महिने मी तुमच्यावर पाळत ठेवली. तुम्हाला ते कळलं होतं का? जेवणाच्या सुट्टीत तुम्ही माझ्या डब्यातलं भरीत घेता का, ते मी बघायची. घेत होता. कळण्याची भाकरी हक्काने मोडून घेत होता. माझ्या बाटलीतलं पाणी पीत होता, तेही तोंड लावून. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या घरी आलात, खीर दोनदा मागून घेतलीत, माझ्या आईशी बाजाराच्या गप्पा मारल्यात. तुम्ही एकदा जरी हात आखडता घेतला असतात ना, तर मी सुटले असते. माणूस कसला आहे ते कळलं, असं म्हणून खुर्ची उचलून दुसरीकडे गेले असते. तुम्ही तसं काही केलंच नाहीत, म्हणून माझा संशय दिवसेंदिवस वाढत गेला. माझ्या डब्यातलं भरीत चालतं, मग मुलीच्या डब्यातलं का चालत नाही? का परक्याच्या घरची खीर गोड लागते आणि स्वतःच्या जावयाच्या घरची घशाखाली उतरत नाही?

आणि तुमचा ‘आन पोरी?’ हा प्रश्न त्यानंतर मला पहिल्यासारखा ऐकवेना. तो ऐकला की वाटायचं, हा माणूस कोणाला विचारतोय?

एक दिवस तुम्ही बँकेत गेला होता तेव्हा मी तुमच्या आईची बातमी शोधली. आजी गेल्या तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते, त्यामुळे ती माझ्या हाताखालून गेली नव्हती. आडनाव, मग गाव, मग आजींचं नाव. एकच निकाल. मी बिचकले, तुमच्याचसारखी. खालचा चौकोन बघितला, रिकामा होता. झाकलेल्या ओळी उघडून बघितल्या. पुन्हा शोधलं. तीच बातमी, भाषा तुमची, अगदी स्वल्पविरामसुद्धा तुमचे. ‘त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नातू असा परिवार आहे.’ नात नव्हती. बाकी जगाला पोरींचं विचारणाऱ्या माणसाने आपल्या घरातली एक पोर स्वतःच्या हाताने वगळली होती.

मी खिडकी बंद केली. तुम्ही आलात, येताना माझ्यासाठी जिलबी आणली होतीत. मी खाल्ली. विचारलं काही नाही. मी, जी शंभर गोष्टी विचारून तुमचं डोकं उठवायची, ती याच गोष्टीपाशी मुकी झाले. मला उत्तराची भीती वाटत होती. तुम्ही ‘लोक काय म्हणतील’ म्हणाला असतात तर मी सहन केलं असतं. पण तुम्ही प्रामाणिकपणे वेगळंच काही म्हणाला असतात तर? मग ती खुर्ची, तो डबा, ती सगळी वर्षं मी कुठे ठेवणार होते?

म्हणून तुमच्या बातमीच्या शेवटच्या ओळीपाशी मी अडले.

प्रशांतला विचारलं, ‘पश्चात कोण कोण लिहू?’ तो म्हणाला, ‘आई, मी, माझी बायको, दोन्ही मुलं.’ मी विचारलं, ‘आणि मुलगी?’ तुमचाच प्रश्न, तुमच्याच घरात. तो म्हणाला, ‘ताई, नानांनी तुम्हाला काही सांगून ठेवलं होतं का?’ माझ्या मनात आलं, हो म्हणावं. खोटं बोलले असते तर काम सोपं झालं असतं. पण तुमच्या नावावर खोटं खपवणं जमलं नाही. ‘नाही,’ म्हटलं. ‘मग मी सांगतो तेवढंच लिहा,’ म्हणाला. तुमचा नियम तिथे संपत होता. एकदा विचारलं, घरच्यांनी सांगितलं. मी तेवढंच टाइप केलं.

थोड्या वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. काकू होत्या. शेजारणीच्या मोबाइलवरून, रडत, दबक्या आवाजात. ‘शैला, मनीषाले कोन्ही सांगेल नही. तू सांगशी का?’ मी नंबर लिहून घेतला. म्हटलं, ‘काकू, बातमीत तिचं नाव लिहू का?’ त्या रडायच्या थांबल्या. ‘माले काय इचारस? तू लिखस ना रोज,’ म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, ‘मनी पोर शे ती,’ आणि फोन ठेवला. आता याला हो म्हणायचं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मग मनीषाला फोन लावला आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘नक्की ना? खात्री केलीत?’ त्या प्रश्नात तुम्ही सबंध होता. मी म्हटलं, केली. ती रडली. मी फोन कानाला धरून बसून राहिले. मग तिने नाक ओढत विचारलं, ‘पेपरात माझं नाव येणार आहे का?’

‘तुम्हाला यायला हवंय का?’ मी विचारलं. नाना, आपण इतक्या भावांना विचारलं, इतक्या पुतण्यांना विचारलं. ज्या मुलीचं नाव घालायचं किंवा गाळायचं, तिला आपण कधीच विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही आणि मीही नाही.

ती म्हणाली, ‘एकटीचं नको. नुसतं मुलगी म्हणून आलं तर लोकांना वाटेल मी परत आले, किंवा माझं लग्नच झालं नाही. यांचं नाव येणार असेल तरच माझं घाला. नाहीतर राहू द्या, मला सवय आहे.’

पान संध्याकाळी छापायला सुटायचं होतं. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले आणि स्वतःचाही संशय घेतला. हे मी मनीषासाठी करतेय का? काकूंसाठी? की इतकी वर्षं मला गाळत आलेल्या सगळ्यांना एकदा दाखवून द्यायला? की तुमच्यावरचा राग तुम्ही उठून उत्तर देऊ शकणार नाही अशा वेळी काढतेय? खरं सांगायचं तर त्यात सगळंच थोडं थोडं होतं. मग मी लिहिलं: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. ते प्रशांत पाटील यांचे वडील, तर धुळे येथील शिक्षिका मनीषा अहिरे यांचे वडील व संदीप अहिरे यांचे सासरे होत.’ तुमचा नियम मी मोडला. घरच्यांनी सांगितलं नव्हतं ते छापलं.

सकाळी प्रशांतचा फोन आलाच. ‘ताई, हे तुम्ही बरं केलं नाही. दुरुस्ती छापा.’ मी म्हटलं, ‘काय छापू, प्रशांत? तुला बहीण नाही असं छापू?’ त्याने फोन आपटला. दिवसभर मी संपादक केव्हा बोलावतात याची वाट बघत होते. बोलावणं आलं नाही. का आलं नाही, याचाही मला संशयच आहे.

गंधमुक्तीला मी एस.टी.ने भडगाव गाठलं आणि तिथून रिक्षाने तुमच्या गावी गेले. माझ्याच रिक्षात एक जोडपं चढलं. बाईने डोक्यावरून पदर घेतला होता, माणूस खाली बघत होता. तिला तुमचं नाक, तुमची हनुवटी. मी ओळख दिली तेव्हा तिने माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही. संदीप एवढंच म्हणाला, ‘मी बाहेरच थांबेन. ती आत जाऊन येईल.’ त्याने पाणीसुद्धा सोबत आणलं होतं.

तुमच्या घरासमोर मांडव होता. मनीषा आत गेली आणि आतून काकूंचा टाहो ऐकू आला. संदीप रस्त्याच्या कडेला निंबाखाली उभा राहिला. माझं सगळं लक्ष प्रशांतकडे होतं. त्याने बघितलं, मान फिरवली. मांडवातली आणखी दोनचार डोकी वळली. आता काहीतरी होणार, या भीतीने मी पर्स छातीशी धरून उभी होते.

मांडवात पहिल्या ओळीत बसलेले एक म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. तुमचे कोण लागतात मला माहीत नाही. ते सरळ निंबापाशी गेले, संदीपला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, ‘तुम्ही नानाना जावाई ना? पेपरमा वाचं मी. आठे काय उभा राह्यनात? चला, मांडोमा बठा.’ संदीप माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. आजोबांनी त्याला दंडाला धरून आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. कोणीतरी सरकून जागा केली. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याने तो घेतला. प्रशांतने पुन्हा मान फिरवली. लोक पुन्हा आपापल्या बोलण्याला लागले.

नाना, बस, एवढंच झालं. कोणी उठून गेलं नाही, कोणी भांडलं नाही. त्या आजोबांनी त्याला गाव विचारलं नाही की गल्ली विचारली नाही. पेपरात छापलंय म्हणजे तो जावई, इतकं त्यांना पुरलं. तुमच्या मनात काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही, आणि चांगलंच काही असेल असं धरून चालणं माझ्या स्वभावात नाही. पण त्या मांडवात बसून मी तुमच्यासाठी रडले, पहिल्यांदा, अगदी मोठ्याने, आणि तेही रागाने. तो कीबोर्ड चोवीस तास नाही तरी रोजचे आठ तास तुमच्याच हाताखाली होता. आजींच्या बातमीत ‘नात’ आणि ‘नातजावई’ एवढे दोन शब्द लिहायचे होते. लिहिले असते, तर हा माणूस तुम्ही जिवंत असतानाच आजींच्या मांडवात येऊन बसला असता, आणि तुमच्याशेजारी.